लाइन गेली, तरी फोन चालू!

मुलांनो, मागे आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. नांदगाव पेठेतल्या माळ्यांवर, फडताळांत काय काय दडलेलं असतं ते त्या दिवशी कळलं. पायली आली, कंदील आला, चिमणी आली, एकाच्या घरून तर पाटावरवंटा आला आणि तो उचलता उचलता दोन मुलांची बोटं चेंगरता चेंगरता वाचली. पण खरी गर्दी झाली ती एका काळ्या फोनभोवती. चौथीतल्या एका मुलानं तो आजोबांच्या ट्रंकेतून काढून, धोतराच्या फडक्यात बांधून आणला होता. जडशीळ! मधोमध गोल चकती आणि चकतीला दहा भोकं.

पोरांनी काय करावं? भोकात बोट घालून दाबायला सुरुवात केली.

"म्याडम, दाबून रायलो, पण दबतच नाही हे!"

मी म्हटलं, "अरे, दाबायचं नसतं, फिरवायचं असतं." मी नऊच्या भोकात बोट घालून चकती शेवटपर्यंत फिरवली आणि सोडली. कर्रर्र करत ती मागे आली. झालं! मग प्रत्येकाला एकेकदा फिरवायची होती. मधली सुट्टी संपली तरी रांग संपली नाही.

त्या गोंधळात एका मुलीनं विचारलं, "म्याडम, याचं चार्जर कुठी हाये?"

बाकीची हसली. मी मात्र हसले नाही. कारण प्रश्न अगदी अचूक होता. चार्जर नाही, घरातल्या बोर्डाला लावायची पिन नाही, आत सेल नाहीत. मग हा फोन चालायचा कशावर?

तुम्हीही जरा डोकं खाजवा. आमच्याकडे वीज गेली की 'लाइट गेली' असं फारसं कुणी म्हणत नाही, 'लाइन गेली' म्हणतात. आणि गंमत म्हणजे पूर्वी ही लाइन गेली, सारं गाव अंधारात बुडालं, तरी फोनची लाइन जागी असायची. भर काळोखात त्या डब्याची घंटी घणघणायची. कशी?

याचं उत्तर भिंतीतून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या दोन बारीक तारांत आहे. या तारा खांबांवरून किंवा जमिनीखालून थेट टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत जातात. एक्स्चेंजमध्ये एका खोलीत मोठमोठ्या बॅटऱ्या रांगेनं मांडलेल्या असतात. दोन व्होल्टचा एक सेल, असे २४ सेल एकापुढे एक जोडले की किती झाले? ४८ व्होल्ट. हे ४८ व्होल्ट तारांतून तुमच्या घरापर्यंत येतात आणि फोन त्यावर चालतो. म्हणजे बोलण्याबरोबर वीजही एक्स्चेंजच पुरवतं! एक्स्चेंजची वीज गेली तरी बॅटऱ्या आहेत, आणि बॅटऱ्या उतरायच्या आत डिझेलचं जनरेटर सुरू करायचं. त्यामुळे गावाची लाइन गेल्याचं फोनला कळतसुद्धा नसे.

रिसीव्हर खाली ठेवलेला असतो तेव्हा त्याच्या वजनानं एक खटका दबलेला असतो आणि वाट तुटलेली असते. रिसीव्हर उचलला की खटका वर येतो, वाट जुळते, तारेतून प्रवाह वाहू लागतो. एक्स्चेंजला कळतं, अमक्या घरी कुणीतरी फोन उचलला. ते लगेच 'टूंऽऽऽ' असा सूर पाठवतं. म्हणजे 'बोला, कोणाला फोन लावायचा?' आता चकती फिरवा. चकती मागे येताना तो प्रवाह क्षणभर तोडते आणि जोडते. तीनचा आकडा फिरवला तर तीनदा, नऊ फिरवला तर नऊदा, आणि शून्य फिरवलं तर शून्यदा नाही बरं का, दहादा! सेकंदाला साधारण दहा टिचक्या. आपल्या अमरावतीचा कोड ०७२१. त्यातल्या पहिल्या शून्यालाच एक सेकंद जायचा.

या टिचक्या मोजून आपोआप नंबर जोडणारं यंत्र कुणी शोधलं असेल? एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञानं? छे! अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी गावात आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा धंदा करायचा. तेव्हा फोन उचलला की एक्स्चेंजमधली बाई विचारायची, कोण हवं, आणि ती हातानं तार जोडून द्यायची. असं सांगतात, की स्ट्रोजरच्या गावातली ही बाई त्याच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. खरं खोटं देव जाणे. पण स्ट्रोजर चिडला आणि बाईची गरजच न लागणारं यंत्र त्यानं तयार केलं. १८९१ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. रागाच्या भरात माणसं भांडतात, हा पठ्ठ्या यंत्र बनवून मोकळा झाला!

आपल्या देशात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांत २८ जानेवारी १८८२ रोजी टेलिफोन सुरू झाले. पण खेड्यापर्यंत फोन यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली म्हणा ना. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, फोनसाठी अर्ज केल्यावर किती वर्षं वाट पाहावी लागायची. दुसऱ्या गावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि फोनजवळ बसून राहायचं. ऑपरेटर जोडून देईल तेव्हा खरं. घाई असली तर 'अर्जंट' आणि फारच घाई असली तर 'लाइटनिंग', त्याचे पैसे भरमसाट. आणि लागला तरी इतक्या मोठ्यानं ओरडावं लागे, की फोन नसता तरी त्या गावाला ऐकू गेलं असतं, असं आमचे एक म्हातारे गुरुजी म्हणायचे.

मग १९८४ साली सरकारनं सी-डॉट नावाची संस्था काढली. ओडिशातल्या तितलागढला जन्मलेले आणि अमेरिकेत जाऊन टेलिफोनचे मोठे जाणकार झालेले सॅम पित्रोदा त्यामागे होते. परदेशी बनावटीची एक्स्चेंज महाग, आणि त्यांना थंडगार खोली लागायची. खेड्यात वातानुकूलित खोली कुठून आणायची? आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, धूळ तर विचारूच नका. सी-डॉटच्या तरुण इंजिनिअरांनी वातानुकूलनाशिवाय उन्हाळ्यात आणि धुळीत टिकेल असं छोटंसं, १२८ जोडण्यांचं एक्स्चेंज बनवलं. त्यातलं पहिलं १९८६ साली कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. हो, राणी चन्नम्मांचं कित्तूर तेच! पुढे अशी एक्स्चेंज देशभरातल्या खेड्यांत बसली. मी लहान होते तेव्हा हायवेवर पिवळ्या पाटीचं 'एसटीडी आयएसडी पीसीओ' बूथ होतं. काचेच्या खोलीत उभं राहून बोलायचं आणि डोळे मात्र लाल आकड्यांच्या मीटरवर. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून जेवणं झाल्यावर बूथपुढे रांग लागायची. त्या रांगेत साऱ्या गावाच्या बातम्या कळायच्या, तेही फुकट.

हे छोटं एक्स्चेंज डिजिटल होतं. डिजिटल म्हणजे काय, ते आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

तुम्हाला ताप आला तर दवाखान्यात एका तक्त्यावर दर चार तासांनी ताप मोजून टिंब देतात. टिंबं जोडली की ताप कसा चढला, कसा उतरला, याची रेघ दिसते. मधल्या वेळी कुणी मोजलेलं नसतं, तरी रेघेवरून अंदाज येतो. आवाजाचंही असंच करायचं. आवाज म्हणजे हवेतली लाट. ती किती उंच, किती खोल, हे मोजून आकडा लिहायचा. मात्र दर चार तासांनी मोजून कसं भागेल? एका सेकंदात ८००० वेळा मोजायचं! प्रत्येक वेळी २५६ पायऱ्यांपैकी कोणती पायरी, तेवढं लिहायचं. २५६ पायऱ्या लिहायला शून्य आणि एक या अंकांची आठ घरं लागतात. आता गुणाकार तुम्ही करा. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. तुम्ही एक सेकंद 'हॅलो' म्हणालात, की ६४,००० शून्य आणि एक तयार! पलीकडे या आकड्यांवरून पुन्हा लाट काढायची, की झाला आवाज.

पण मुलांनो, हे आकडे एक्स्चेंजच्या आत होते. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तीच तांब्याची जोडी, तेच ४८ व्होल्ट. आणि आणखी एक. नागपूरच्या मामाशी तुम्ही बोलत असाल, तर तुमच्यापासून मामापर्यंत एक अख्खी वाट फक्त तुमच्या दोघांसाठी राखून ठेवलेली असे. तुम्ही गप्प बसलात तरी ती राखलेलीच. एस.टी.तल्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा आणि स्वतः खाली चहा पीत उभं राहावं, तसं.

आता जे नवं आलं आहे, त्यात रुमाल टाकणं नाही. आवाजाचे आकडे घ्यायचे, एका सेकंदाचे साधारण पन्नास तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालायचा आणि द्यायचे सोडून. ज्या जाळ्यातून तुमचे फोटो, सिनेमे, शाळेचे ऑनलाइन फॉर्म जातात, त्याच जाळ्यातून हे तुकडेही जातात. मोबाइलच्या पडद्यावर 'व्होल्टी' असं दिसतं ना, तेही हेच. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं ते पहिल्या दिवसापासून अशाच बोलण्यावर.

हे समजावं म्हणून मी वर्गात एक खेळ घेतला. तुम्हीही घ्या, पण शेजारच्या वर्गातल्या सरांना आधी सांगून ठेवा! एक वाक्य चिठ्ठ्यांवर लिहिलं. एका चिठ्ठीवर एक शब्द, कोपऱ्यात क्रमांक. पहिल्या बाकावरून चिठ्ठ्या सोडायच्या, कोणत्याही रांगेतून जाऊ द्यायच्या, शेवटच्या बाकावरच्या मुलीनं क्रमांकाप्रमाणे लावून मोठ्यानं वाचायचं. मी दहा अंक मोजेपर्यंत जेवढ्या पोचतील तेवढ्याच वाचायच्या. उशिरा आलेली चिठ्ठी बाद.

वाक्य होतं, 'उद्या आपल्या शाळेला सुट्टी नाही.'

पाचवी चिठ्ठी ज्याच्या हातात होती तो गडी पेन्सिलीला टोक करत बसला. दहा अंक झाले. शेवटच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "उद्या आपल्या शाळेला सुट्टी!" मग काय विचारता? आख्खा वर्ग बाकांवर उभा. मुख्याध्यापक दारात आले, त्यांना काय सांगायचं ते मलाच सुचेना.

पण या एका चिठ्ठीत सगळं आलं. सिनेमाचा तुकडा उशिरा आला तर चित्र क्षणभर अडकतं, गोल गोल फिरतं, आपण वाट पाहतो. बोलण्याला वाट पाहता येत नाही. बोललेलं साधारण दीडशे मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या सातव्या भागाच्या आसपास पोचलं नाही, तर दोघं एकदमच बोलायला लागतात. म्हणून कंपन्यांना जाळं आधी तयार करावं लागतं. बोलण्याचे तुकडे ओळखून त्यांना अँब्युलन्ससारखी वाट मोकळी करून द्यायची. पलीकडच्या टोकाला तुकडे क्षणभर थोपवून, क्रम लावून मगच ऐकवायचे. एक रस्ता तुटला तर दुसरा हवा, कारण आपल्याकडे रस्त्याचं काम निघालं की जेसीबी आधी केबलवर पडतो आणि मग मातीवर! जुनी आणि नवी यंत्रं बरेच दिवस शेजारी शेजारी चालवायची, थोडेथोडे नंबर नव्यावर न्यायचे, आणि बदल करायचा तो रात्री, लोक झोपलेले असताना. भारत संचार निगमनं आपल्या जुन्या एक्स्चेंजांच्या जागी ही नव्या पद्धतीची यंत्रं बसवायला घेतली, आणि सी-डॉटनं तर आपल्याच जुन्या एक्स्चेंजांना नवं रूप देण्याची सोय काढली.

तांब्याच्या जागी आली काचेची तार. केसाइतकी बारीक काच, आणि तिच्यातून उजेड धावतो. एका काचेतून लाखो माणसांचं बोलणं जाऊ शकतं. पाऊस पडला म्हणून खरखर नाही. तांबं चोरून नेणारेही हात हलवत परत जातात, कारण काचेला भंगारात कोण विचारतो? ग्रामपंचायतींपर्यंत ही काच न्यायची योजना केंद्र सरकारनं २०११ साली मंजूर केली. तिचंच नाव पुढे भारतनेट झालं.

सगळं छान. पण त्या मुलीचा प्रश्न आठवा. चार्जर कुठी हाये?

काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. एक्स्चेंजमध्ये कितीही बॅटऱ्या असोत, त्यातला एक थेंबही काचेतून तुमच्या घरी येणार नाही. घरातली ती लुकलुकणारी पांढरी पेटी, जी उजेडाचा पुन्हा आवाज करते, ती तुमच्याच घरच्या विजेवर चालते. लाइन गेली की पेटी बंद. पेटी बंद की फोन बंद.

हे मी तुम्हाला फार हुशारीनं सांगते आहे, पण मला ते ज्या दिवशी कळलं तो दिवस चांगला नव्हता.

आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. मोबाइल आहे, पण त्याची पाटी गुळगुळीत, बोट कुठे लागेल त्याचा नेम नाही, आणि बहुतेक वेळा तो उशाखाली बंद पडलेला. त्यांचा जीव सगळा लँडलाइनवर. रस्त्याच्या कामात त्यांची जुनी तार तुटली. महिनाभर फोन मुका. मीच म्हटलं, "आजी, आता फायबर घ्या, खरखर नाही की काही नाही." मीच फॉर्म भरला. पेटी बसवायला आलेला मुलगा जाताना बॅटरीबद्दल काही सांगत होता, मी वह्या तपासता तपासता 'हो, हो' म्हटलं. आजी खूश. "माय वं, पोरगा बाजूले बसून बोलल्यावानी आयकू येते!"

मृगाच्या तोंडावर एका संध्याकाळी मोठं वावधन सुटलं. टिनं उडाली, झाडं पडली, लाइन गेली. (तुम्ही म्हणाल, तुमच्या गावाला लागून तर १३५० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र! अरे, तिथली वीज मोठ्या मनोऱ्यांवरून राज्याच्या जाळ्यात जाते. आपल्या घरी येते ती खांबावरच्या बारक्या तारेतून, आणि कडुलिंबाची फांदी त्या तारेवरच पडते.) रात्री अंधारात चाचपडताना आजी मोरीत घसरल्या. मनगट मोडलं. सरकत सरकत फोनपर्यंत गेल्या, रिसीव्हर उचलला, आणि कानाला काहीच ऐकू आलं नाही. नेहमीचा 'टूंऽऽऽ'सुद्धा नाही. इतकी वर्षं लाइन गेल्यावर चालणारा फोन त्या रात्री पहिल्यांदा गप्प होता.

त्यांनी पितळेचा गडवा घेतला आणि भिंतीवर आपटायला लागल्या. समोरच्या घरातल्या माझ्याच एका विद्यार्थिनीला ऐकू आलं. आई-वडील म्हणत होते, टिन वाजत असेल. ती म्हणाली, टिन असं थांबून थांबून वाजत नाही. तिच्यामुळे आजी रात्रीच अमरावतीच्या दवाखान्यात पोचल्या.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर आजी मलाच समजावू लागल्या. "तू कायले जीवाले लावून घेते वं? तुले थोडं माहीत होतं?" माहीत नव्हतं हे खरं. पण सांगणाऱ्याचं ऐकलं नव्हतं हेही खरं.

मग आम्ही वर्गात ते गणित सोडवलं. आजींच्या पेटीच्या पाठीमागच्या लेबलवरून हिशेब केला. साधारण १० वॉट लागतात. अमरावतीहून १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि तिला पेटीशी जोडणारं यंत्र आणलं. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. ८४ भागिले १० म्हणजे ८ तास आणि वर थोडी मिनिटं. पोरं म्हणाली, रात्रभर चालेल! मी म्हटलं, कागदावर चालेल. पाहू या.

रविवारी सकाळी दहा वाजता आजींच्या घरचा मेन स्विच मोठ्या माणसाकडून बंद करून घेतला. प्रत्येक अर्ध्या तासानं एक मूल फोन उचलून सूर ऐकायचं आणि वहीत खूण करायचं. साडेतीनला सूर होता. चारला पेटीचे दिवे गेलेले होते. म्हणजे सहा तासही नाहीत! बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत वीज देत नाही, मधलं यंत्रही थोडी खातं, आणि ती जुनी होत जाईल तसा वेळ आणखी घटेल. वहीत आम्ही 'साडेपाच तास' असंच लिहिलं आणि पुढची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत घ्यायची ठरवली. शिवाय आजींच्या उशाशी मोठ्या बटणांचा साधा मोबाइल आला. त्याचं चार्जिंग पाहण्याची पाळी शाळा सुटल्यावर एकेकाकडे असते. मात्र मोबाइलचा मनोराही बॅटरीवर काही तासच टिकतो, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

हा प्रश्न काही आमच्या गल्लीपुरता नाही. ब्रिटनमध्ये सगळे तांब्याचे फोन बंद करून नव्या पद्धतीवर जायचं ठरलं, मुदत होती डिसेंबर २०२५. तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण असतं. पडलं झडलं तर ते दाबायचं, फोनच्या तारेवरून मदत केंद्राला कळतं. अशी सुमारे १८ लाख माणसं आहेत. फोन बदलल्यावर काहींची बटणं चालेनाशी झाली आणि गंभीर प्रसंग घडले. २०२३ च्या डिसेंबरात कंपन्यांनी ग्राहकांना त्यांच्या मर्जीविना नव्या फोनवर नेणं थांबवलं, आणि पुढे सगळी मुदतच जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलली. लँडलाइनवरच अवलंबून असलेल्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी मदतीचा नंबर लावता आला पाहिजे, असं तिथल्या नियंत्रकांनी सांगितलं आहे. एक तास! आमची चौथीची पोरं साडेपाच तासांवरही नाखूश होती.

तुमच्या घरी, शेजारी, आजोळी अशी पांढरी पेटी असेल तर लाइन गेल्यावर फोन उचलून पाहा आणि मला पत्रानं कळवा. किती वेळ सूर येतो तेही लिहा. पण काही गोष्टी मुळीच करायच्या नाहीत. पेटी उघडायची नाही, मेन स्विचला आपण हात लावायचा नाही, आणि पिवळी किंवा काळी बारीक तार निघाली तर तिच्या टोकात डोकावून पाहायचं नाही. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. जुन्या तांब्याच्या तारांनाही बोट लावायचं नाही. घंटी वाजते तेव्हा त्यात पाऊणशे व्होल्टच्या आसपास येतात आणि चांगला झटका बसतो.

त्या काळ्या फोनचं काय झालं, ते राहिलंच. बॅटरीच्या परीक्षेच्या दिवशी तो मुलगा फोन घेऊन आजींकडे आला होता. "म्याडम, हा जोडून पाहू?" गावातल्या वायरमननं तारेचं टोक बदलून दिलं. रिसीव्हर उचलला तर सूर आला! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं माझा मोबाइल नंबर फिरवला. लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य लागतं, २०२१ च्या जानेवारीपासून तसा नियम आहे. म्हणजे अकरा आकडे. कर्रर्र... कर्रर्र... त्याचं बोट दुखलं, पण सूर होता तसाच चालू. काही लागेना. आजींच्या पेटीला बटणांचे सूर कळतात, चकतीच्या टिचक्या कळत नाहीत. तिला ती भाषाच शिकवलेली नाही.

मुलगा हिरमुसला. तो फोन फडक्यात बांधायला लागला, तेवढ्यात त्याच्या हातातच घंटी वाजली. खरीखुरी, पितळेच्या वाट्यांची. ट्रिंग ट्रिंग! सगळी दचकली. आजींनी डावा हात पुढे केला, उजवा प्लास्टरमध्ये होता.

"हॅलो... हाव रे, मीच हावो. घरी लय पोट्टे जमले हायेत, थांब. आधी सांग, जेवला का?"